उघड्या डोक्याचा सॅल्यूट

पांढऱ्या गणवेशाला खळ किती घालावी, याविषयी माईंची मते पक्की होती. कमी पडली तर माणूस चुरगळलेला दिसतो आणि जास्त झाली तर कागदी. यजमानांच्या हयातीत हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हाती दिले नव्हते. आता मुलाच्या वेळीही, गुडघे कुरकुरत असताना, मागच्या अंगणात टब मांडून त्या स्वतः उभ्या राहत. "माई, लॉन्ड्रीत देऊ या ना," असे सूनबाई म्हणाल्या की उत्तर ठरलेले असे: "दे की. आणि त्यांच्याकडून नवराही इस्त्री करून आण."

त्या रविवारी खळीला विशेष कारण होते. मुलगा ॲडमिरल होणार होता. निवड मंडळाचा होकार आला होता आणि येत्या शुक्रवारी ताफ्याच्या मुख्यालयात समारंभ होता. नौदलाच्या प्रथेप्रमाणे नव्या हुद्द्याची एक खांदेपट्टी आईने चढवायची, दुसरी पत्नीने. माईंनी या दिवसाची वाट मुलाच्या जन्मापासून पाहिली नसेल, पण यजमान निवृत्त झाल्यापासून नक्कीच पाहिली होती.

यजमान कॅप्टन म्हणूनच घरी आले. त्यांच्या जहाजावरून होडी उतरवताना ती उलटली आणि एक माणूस बुडाला. त्या वेळी ते आपल्या केबिनमध्ये गाढ झोपलेले होते. चौकशीत त्यांना स्वतःचा बचाव करण्याची पुरेपूर संधी देण्यात आली. त्यांनी एवढेच सांगितले, "जहाज माझं होतं." पुढची बढती आली नाही. माईंनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढले नाही. मात्र टेकडीवरच्या ॲडमिरलांच्या बंगल्यावरून जाताना त्या मान दुसरीकडे वळवत.

मुलाच्या बाबतीत तसे झाले नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याच्या जहाजाने दुसऱ्या जहाजाला ओढून नेण्याचा सराव चालला असताना मनगटाहून जाड नायलॉनचा दोर तुटला. ताणलेला दोर तुटला की चाबकासारखा मागे येतो. मागच्या डेकवर उभा असलेला एक तरुण नौसैनिक जागच्या जागी गेला. दोरावर ताण वाढत असल्याचे वेळीच ओळखून काम थांबवायला हवे होते, असा ठपका डेकवरच्या लेफ्टनंटवर आला. कॅप्टन, म्हणजे माईंचे चिरंजीव, वर ब्रिजवर, जहाज हाकण्याच्या कक्षात होते. त्यांच्या दृष्टीस काही पडले नव्हते. त्यांचा दोष नाही, असा निर्वाळा मिळाला. तो लेफ्टनंट उंचच उंच, लाजरा मुलगा होता. माईंनी त्याचे नाव 'बांबू' ठेवले होते. सुटीच्या दिवशी जेवायला येई आणि चौकटीला डोके आपटून आत शिरे. त्याला नोकरीतून काढले, तेव्हा माईंना वाईट वाटले. पण बढतीची बातमी आली तेव्हा आनंद झाला, आणि दोन्ही भावना एकाच घरात नांदू शकतात, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

गणवेश वाळत घालून माई व्हरांड्यात आल्या. मुलगा वेताच्या खुर्चीत पायजमा आणि सपाता घालून बसला होता. डाव्या हातात चहाचा कप, मांडीवर वर्तमानपत्र. खाली हिरवळ, हिरवळीच्या टोकाला फाटक, त्याच्याही खाली बंदर आणि बंदरातल्या क्रेनची लाल मान. माई काही बोलणार, तोच त्याचा उजवा हात वर गेला. बोटे जुळलेली, कोपर खांद्याच्या रेषेत, तळहात खाली, बोटांची टोके भुवईच्या कडेला. क्षणभर तिथे थांबून हात खाली आला आणि त्याने वर्तमानपत्राचे पान उलटले.

फाटकापाशी कुणी नव्हते.

"अरे, उघड्या डोक्याने सॅल्यूट?" माई म्हणाल्या. टोपी नसताना सॅल्यूट करणारा एकतर सिनेमातला असतो, नाहीतर प्यालेला, असे यजमान म्हणत. या घरात ती चूक नोकरांच्या मुलांनीही खेळताना केली नव्हती.

"कसला सॅल्यूट?"

"आत्ता ठोकलास तो."

"माई, चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा," तो हसून म्हणाला. त्याच्या हसण्यात लबाडी नव्हती. त्याला खरोखरच माहीत नव्हते.

पुढच्या दिवसांत माईंनी लक्ष ठेवले. लक्ष ठेवणे हा त्यांचा जन्मभराचा व्यवसायच होता. दुधापासून जावयापर्यंत त्यांच्या नजरेतून काही सुटलेले नव्हते. हात वर जाई तो गाडीतून उतरताना, दाढी करून बाहेर येताना, फोनवर बोलता बोलता. पहिल्यांदा तो फाटकाकडे पाहून सॅल्यूट करीत होता. मग हिरवळीच्या मध्यावर पाहू लागला. मग व्हरांड्याच्या पायऱ्यांकडे. आणखी एक गोष्ट माईंच्या ध्यानात आली. सुरुवातीला तो नजर तिरकी खाली टाकून पाहत असे, उंच गच्चीवरून अंगणात पाहावे तसा. आता ती नजर समोर येत चालली होती.

सूनबाईंनी हे हसण्यावारी नेले. "अहो माई, दिवसभर शेकडो लोक सॅल्यूट ठोकतात त्यांना. हात चालूच राहतो. परवा मलासुद्धा केला. मी म्हटलं, चला, लग्नानंतर इतक्या वर्षांनी का होईना, मान मिळाला."

"तुझ्याकडे बघून केला?"

सूनबाईंचे हसू थोडे उतरले. "नाही तसं. माझ्या बाजूला बघत होते."

रक्तदाब तपासायला वसाहतीतले डॉक्टर आले, तेव्हा माईंनी त्यांना दंडाला पट्टा बांधलेल्या स्थितीतच गाठले. डॉक्टर नौदलातलेच, गुबगुबीत आणि विनोदी होते.

"हाताला सवय असते माई. माझ्या शेजारी एक निवृत्त बस कंडक्टर आहेत. झोपेत दोरी ओढतात."

"कंडक्टरने दोरी ओढली की बस थांबते डॉक्टर. ह्याचं काय थांबतं?"

डॉक्टरांनी पट्टा सोडला आणि मीठ कमी खायला सांगितले.

माईंच्या माहेरी किंवा सासरी कुणी भुताखेतांच्या गोष्टी केल्या नव्हत्या. त्यांनी साध्या उपायांनी सुरुवात केली. व्हरांड्यातली खुर्ची उलटी फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली. मुलगा तिच्यात बसला, चहा प्यायला आणि भिंतीला सॅल्यूट केला. जेवणाच्या टेबलावर त्याची जागा बदलली, तर त्याने काचेच्या कपाटाला केला. तो आंघोळीला गेला असताना माई त्याच्या खुर्चीत त्याच्यासारख्याच बसल्या आणि त्याची नजर जिथे जाते तिथे पाहिले. कपबश्या दिसल्या. कपबश्यांच्या पुढे, काचेत, त्यांचा स्वतःचा चेहरा. त्यांच्या मनात एक विचार आला आणि तो त्यांनी लगेच बाजूला सारला. सॅल्यूट वरिष्ठ आधी करीत नाही. वरिष्ठ फक्त परत करतो. म्हणजे ह्याच्या आधी कुणीतरी हात वर केलेला असला पाहिजे.

समारंभाच्या आदल्या दिवशी गणवेश पुन्हा खळीतून काढावा लागला. सूनबाईंच्या हातून त्याच्यावर चहाचा थेंब पडला होता. उन्हाचा कडाका होता आणि वारा अजिबात नव्हता. अंगणातल्या आंब्याचे पान हलत नव्हते. माईंनी ओला, जड कोट दोरीवर टाकला आणि त्यांना आवाज आला.

बारीक गुणगुण होती. तंबोऱ्याची तार जुळवून झाल्यावर मागे राहते तशी.

त्यांनी दोरीकडे पाहिले. कपडे वाळत घालण्याची साधी निळी नायलॉनची दोरी, एरवी मध्ये झोल घेऊन लोंबणारी. ओल्या कोटाच्या ओझ्याने ती आणखी वाकायला हवी होती. ती फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ होती. माईंनी बोट टेकवले. सळईसारखी कडक, आणि गरम. दोन्ही टोकांच्या गाठी आवळून आवळून करवंदाएवढ्या झाल्या होत्या. प्लास्टिक तापल्याचा कडवट वास त्यांच्या नाकात शिरला.

"सूनबाई! इकडे ये. ऐक."

सूनबाई पदराला हात पुशीत दारात आल्या. "काय? ते होय, फ्रिजचा आवाज आहे तो. बरेच दिवस चाललाय." त्या जवळ आल्या आणि दोरी एकदम सैल झाली. कोट जमिनीला टेकता टेकता राहिला. "बघा, किती सैल झालीये ही. घट्ट करायला पाहिजे."

"नको," माई म्हणाल्या. त्यांचा स्वर असा होता की सूनबाईंनी गाठीकडे नेलेला हात मागे घेतला.

माईंनी कोट उचलला, खुंटीवर टांगला, तोंडावर पाणी मारले आणि त्या सरळ मुलाच्या अभ्यासिकेत गेल्या. तो उद्याचे चार शब्द पुटपुटत फेऱ्या मारीत होता. माईंनी आत येऊन दार लावून घेतले.

"बस."

पन्नाशी उलटलेला कॅप्टन मुकाट्याने बसला.

"त्या दिवशी तू काय पाहिलंस?"

"माई, चौकशीत सगळं येऊन गेलंय…"

"ती चौकशी त्यांची. माझी व्हायचीय."

त्याने टेबलावरचा पेपरवेट उचलला, फिरवला आणि होता तिथेच ठेवला. बाहेर बंदरात कुठल्याशा बोटीने भोंगा दिला आणि तो विरून गेला.

"मी ब्रिजच्या उघड्या कोपऱ्यात उभा होतो," तो म्हणाला. "रेडिओ वाजत होता. पलीकडच्या जहाजावरून सारखं विचारणं चाललं होतं. अजून किती वेळ? अजून किती वेळ? मी वळून मागच्या डेकवर नजर टाकली. त्या गेलेल्या पोराने खालून हात वर केला. ऊन डोळ्यांवर होतं. सकाळपासून समोर येईल तो सॅल्यूट ठोकत होता, सराव आटोपला की ताफ्याचे मोठे साहेब आमच्या जहाजावर येणार म्हणून सगळे कडक इस्त्रीत होते. मी त्याचा सॅल्यूट परत केला, आणि पुढे वळलो."

"मग?"

"वळता वळता कळलं. आपला तळहात खाली असतो, माई. त्याचा माझ्याकडे होता."

खोलीत पंखा फिरत होता. माईंनी काही विचारले नाही. मौनाने माणूस लवकर बोलतो, हे त्यांना अनेक मुले वाढवून ठाऊक झाले होते.

"तो थांबा म्हणत होता. मी परत वळायला हवं होतं. पण रेडिओवर पुन्हा तेच आलं, अजून किती वेळ. मी म्हटलं, होतच आलंय, सर. आणि मग आवाज झाला."

"पलीकडच्या जहाजावर कोण होतं?"

"मोठे साहेब."

"चौकशीत तुला विचारलं नाही?"

"विचारलं ना. खालून कुणी हात केला होता का. मी म्हटलं, माझ्या दृष्टीस काही पडलं नाही."

"आणि बांबू?"

"तो दोराच्या दुसऱ्या टोकाकडे बघत होता. त्याने तेच सांगितलं, मला काही दिसलं नाही म्हणून. खरं बोलला आणि बुडाला."

"आणि तू?"

"मी ॲडमिरल होतोय," तो म्हणाला. त्याने हसण्याचा प्रयत्न केला आणि त्याचा हात वर गेला.

या वेळी त्याची नजर अगदी समोर होती. माईंच्या डाव्या खांद्यावरून, लावलेल्या दाराकडे. माईंच्या मानेवर उष्ण झुळूक आली. तापलेल्या प्लास्टिकचा तोच वास. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. वळायचे नाही असे ठरवले, आणि एकदा ठरवल्यावर माई आयुष्यात कधी वळल्या नव्हत्या.

"पहिल्यांदा मला कळत नव्हतं," मुलगा हळूच म्हणाला. हात अजून भुवईपाशीच होता. "आता कळतं. तो हात वर करून उभा असतो. मी परत करतो, तरी तो खाली घेत नाही. रोज थोडा जवळ येतो."

"घेईल कसा? तो सॅल्यूट नाहीच. तू चुकीचं उत्तर देतोयस."

हात खाली आला. मुलाच्या कपाळावर घाम होता.

"काय करू मी?"

"उद्या बोल. सगळ्यांसमोर."

"फाइल मोठ्या साहेबांनी बंद केलीये, माई. उद्या समोर तेच उभे असणार."

"मग तर बरंच झालं. निरोप धाडायला नको."

तो ताडकन उठला. "ह्या घराने एकदा बोलून पाहिलंय! बाबा बोलले. काय मिळालं त्यांना?"

"झोप," माई म्हणाल्या. "मरेपर्यंत शांत झोप मिळाली त्यांना. मी शेजारी होते, मला विचार. हुद्दा नाही मिळाला म्हणून मी जळले, ते नाही जळले. आज सांगते तुला, मी तुझ्या खांद्यावर ती पट्टी चढवणार नाही."

"मग नको चढवूस. तिला दोन हात आहेत, ती दोन्ही चढवेल."

असे तो त्यांच्याशी कधी बोलला नव्हता. माई दार उघडून बाहेर आल्या. दाराच्या मुठीला हात लावताना त्यांना क्षणभर वाटले की दारापासून कुणीतरी बाजूला सरले, वडीलधाऱ्या बाईला वाट द्यावी तसे.

शुक्रवारी सकाळी माई सर्वांच्या आधी तयार होत्या. ठेवणीतली मोतिया रंगाची साडी, यजमानांचे मनगटी घड्याळ, हातात काठी. "तुम्ही येणार?" सूनबाईंनी चकित होऊन विचारले. मायलेकांचे काहीतरी फाटले आहे, एवढे त्यांना उमगले होते. "न यायला मी काय आजारी आहे?" माई म्हणाल्या आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

मुख्यालयाचे दालन लांबट आणि उंच होते. एका बाजूला समुद्राकडे उघडणाऱ्या मोठ्या काचेच्या खिडक्या, दुसऱ्या बाजूला गणवेशातल्या अधिकाऱ्यांच्या रांगा. फरशीला नुकतेच मेण लावले होते. चांदीच्या तबकात निळ्या मखमलीवर दोन खांदेपट्ट्या होत्या. मोठे साहेब, म्हणजे ताफ्याचे प्रमुख, हसतमुखाने सामोरे आले. एके काळी ते माईंच्या यजमानांच्या हाताखाली होते आणि माईंच्या टेबलावर जेवून त्यांचे गाल वर आले होते.

"वहिनी! आज साहेब हवे होते."

"ते असते तर तुम्ही अवघडला असतात," माई म्हणाल्या.

मोठे साहेब मोठ्याने हसले. थोर माणसांचा चावरेपणा हसण्यावारी न्यायचा असतो, हे त्यांना अवगत होते.

हुकूम वाचून झाला. टाळ्या झाल्या. मुलगा दालनाच्या मध्ये ताठ उभा राहिला, डोक्यावर टोपी, खांदे मोकळे. माईंना डाव्या बाजूला उभे केले, सूनबाईंना उजव्या. तबक पुढे आले. माईंनी आपली पट्टी उचलली आणि ती हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

सूनबाईंनी पट्टी खांद्याकडे नेली.

मुलाचा हात वर गेला.

सूनबाईंची पट्टी त्याच्या दंडावर अडली. त्या ओशाळून मागे सरल्या. मोठ्या साहेबांना वाटले, नवा ॲडमिरल भारावून आपल्याला सॅल्यूट करतो आहे. त्यांनी तो झोकात परत केला.

हात खाली आला नाही.

मोठ्या साहेबांनी पुन्हा परत केला. आता रांगेत कुणीतरी खाकरले.

हात तिथेच होता. मुलगा मोठ्या साहेबांकडे पाहतच नव्हता. तो अगदी जवळ पाहत होता, समोरच्या माणसाचा श्वास लागावा इतक्या जवळ, आणि किंचित वर. कुणीतरी उंचीने त्याच्याहून चढ झाले होते.

खिडकीची एक काच गुणगुणू लागली.

मग दुसरी. मग सगळ्या. समुद्र सपाट होता आणि पडदे हलत नव्हते. अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. विमान असेल, असे कुणीतरी पुटपुटले. मेणाच्या वासावर तो दुसरा वास चढत गेला.

माईंच्या हातातली पट्टी गरम झाली.

"उत्तर दे त्याला," माई म्हणाल्या. फार मोठ्याने नाही. "हाताने नको."

मुलाचे ओठ हलले. आवाज आला नाही.

गुणगुण चढत गेली. दातांत कळ यावी इतकी.

"बोल!"

"थांबा!"

मुलाच्या तोंडून निघालेला तो आवाज दालनात बोलण्याचा नव्हता. वाऱ्यावर, इंजिनावर, लाटांवर मात करून मागच्या डेकवर पोहोचावा, असा तो हुकूम होता. सूनबाईंच्या हातातून पट्टी फरशीवर पडली. रांगेतले तरुण अधिकारी जागच्या जागी थिजले.

काचा गप्प झाल्या.

मुलाचा हात हळूहळू, आपला आपण, खाली आला. त्याने दीर्घ श्वास घेतला, मोठ्या साहेबांकडे वळला आणि नेहमीच्या आवाजात बोलू लागला.

"सर, त्या दिवशी त्या मुलाने हात वर केला होता. मी पाहिला होता. थांबायचा हुकूम द्यायचं काम माझं होतं, मी दिला नाही. चौकशीत मी खोटं बोललो. लेफ्टनंटचा दोष नव्हता. हा हुद्दा मी घेत नाही."

"कॅप्टन दमलेत," मोठे साहेब पटकन म्हणाले. "डॉक्टर कुठायत?"

"दमलो नाही सर. लेखी देतो, आजच. रेडिओवर काय बोलणं चाललं होतं, तेही लिहितो."

मोठ्या साहेबांच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले, फक्त त्याच्या आतले कुणीतरी उठून गेले. त्यांनी समारंभ तहकूब झाल्याचे जाहीर केले. माईंनी आपल्या हातातली पट्टी तबकात ठेवली आणि वाकून, गुडघ्याची पर्वा न करता, फरशीवर पडलेली दुसरीही उचलून तिच्या शेजारी ठेवली. कुणाचीही वस्तू जमिनीवर पडू द्यायची नसते.

बाहेर पायऱ्यांवर ऊन लख्ख पडले होते. मुलगा खाली गाडीपाशी सूनबाईंशी बोलत होता. सूनबाई रडत होत्या आणि रडता रडता त्याच्या कॉलरची घडी सारखी करीत होत्या. "बांबूचा पत्ता आहे का गं तुझ्याकडे?" तो विचारीत होता. "मी स्वतः जाणार आहे." टेकडीवरचा बंगला इथून दिसत होता. माईंनी तो आज नीट पाहून घेतला. गच्चीला रंग लावायला झाला होता.

मोठे साहेब पायऱ्या उतरता उतरता त्यांच्यापाशी थांबले.

"कशाला हा हट्ट, वहिनी? घरातलं घरात राहिलं असतं."

"घरातच होतं इतके दिवस," माई म्हणाल्या. "फाटकापासून चालत चालत माझ्या जेवणघरात आलं होतं. त्या दिवशी रेडिओवर घाई तुम्ही करीत होता ना?"

"समुद्रावर घाई कुणी करत नाही, वहिनी. समुद्रच करायला लावतो."

"तुम्ही त्याचा सॅल्यूट परत केलात आज. दोनदा."

"तुमच्या मुलाचा? केला ना. रीतच आहे ती."

मोठे साहेब मान लववून पुढे गेले. त्यांची काळी गाडी पायऱ्यांच्या तळाशी उभी होती. चालकाने मागचे दार उघडून धरले. साहेब आत बसले, टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली, आणि मग, शेजारी आणखी कुणाला बसायचे असावे तसे, गुडघे आवळून दुसऱ्या खिडकीकडे सरकले. चालकाने दार लगेच लावले नाही. तो थोडा थांबला, मग अदबीने लावले.

माई वरच्या पायरीवरून पाहत होत्या. मोठे साहेब बसले तेव्हा गाडीचा मागचा भाग खाली दबला होता. आता तो पुन्हा एकदा दबला.